घरात मृत्यू झाल्यावर : पहिल्या तासापासून पहिल्या वर्षापर्यंत

घरातील वृद्ध किंवा दीर्घकाळ आजारी असलेल्या व्यक्तीचा मृत्यू कितीही अपेक्षित असला, तरी तो प्रत्यक्ष घडतो तेव्हा सर्वांत जवळच्या माणसावर शोक आणि निर्णय एकाच वेळी कोसळतात. दाखल्यासाठी डॉक्टर कोण येणार, परदेशातील मुलगी येईपर्यंत थांबायचे का, नेत्रदान करायचे का, लाकडावर न्यायचे की विद्युतदाहिनीत, गुरुजींना बोलवायचे का, असे प्रश्न भराभर विचारले जातात आणि त्यांपैकी काहींची मुदत तासांत मोजावी लागते. म्हणून जे आधी ठरवता येते ते आधीच ठरवून ठेवावे, आणि जे त्याच वेळी ठरवावे लागते ते पती, पत्नी किंवा आईबाप यांच्यावर न टाकता एखाद्या शांत डोक्याच्या भाच्याने, जावयाने, सुनेने किंवा शेजाऱ्याने हाती घ्यावे. पुढील माहिती प्रामुख्याने महाराष्ट्रातील हिंदू घरांना समोर ठेवून लिहिली आहे, परंतु दाखले, नोंदणी आणि शोक यांविषयीचा भाग सर्वांनाच लागू पडतो.

डॉक्टरांचा दाखला

मृत्यू झाल्याची खात्री डॉक्टरांनीच करावी लागते. घरी नैसर्गिक मृत्यू झाला असेल, तर शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र देतात. घरच्या मृत्यूसाठी ते ‘नमुना ४-अ’मध्ये, तर रुग्णालयातील मृत्यूसाठी ‘नमुना ४’मध्ये असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार हे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यावयाचे असते. पुढे बँकेत वा तलाठ्याकडे लागतो तो मृत्यूचा दाखला मात्र वेगळा असून तो नोंदणीनंतर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत देते.

खरी अडचण रात्री दोन वाजता येते. ज्या डॉक्टरांनी रुग्णाला कित्येक महिन्यांत तपासलेले नाही, ते मृत्यूचे कारण लिहून देण्यास नकार देऊ शकतात आणि त्यांचा तो नकार चुकीचा म्हणता येत नाही. मग मृतदेह रुग्णालयात न्यावा लागतो, तेथे ‘आणण्यापूर्वीच मृत’ अशी नोंद होते, पोलिसांना कळवले जाते आणि बऱ्याचदा शवविच्छेदनही होते. हे टाळावयाचे असेल, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरच्या डॉक्टरांनी नियमितपणे येऊन पाहावे अशी व्यवस्था करावी, ‘रात्री काही झाले तर आपण याल का, आणि आपण गावात नसाल तर कोण येईल?’ असे त्यांना स्पष्ट विचारून ठेवावे, आणि अलीकडचे सर्व अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या व आधार कार्डाची प्रत एकाच फाइलमध्ये उशाशी ठेवावी.

अपघात, भाजणे, विषबाधा, सर्पदंश, आत्महत्या किंवा संशयास्पद परिस्थिती असेल, तर मृतदेह न हलवता पोलिसांना कळवावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा होतो. विवाहाला सात वर्षे पूर्ण होण्याआधी झालेल्या स्त्रीच्या मृत्यूबाबत चौकशीचे नियम अधिक कडक आहेत. काही आठवड्यांपूर्वी पडून मांडीचे हाड मोडलेल्या आणि त्यातच दगावलेल्या वृद्धाचा मृत्यूही काही वेळा याच सदरात मोडतो, त्यामुळे पोलिसांचे नाव निघताच घरच्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

देह घरी असताना

शरीर दोन-तीन तासांत ताठरू लागते, आणि उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. त्यापूर्वी पापण्या हलकेच मिटाव्यात, हनुवटीखालून डोक्यापर्यंत मऊ पट्टी बांधून तोंड मिटवावे आणि हातपाय सरळ करावेत. कवळी बसवायची असेल तर ती याच वेळी बसवावी. दागिने उतरवून ते दोन नातेवाइकांसमक्ष एकाच्या ताब्यात द्यावेत. पुढे होणारे कित्येक तंटे एवढ्या एका काळजीने टळतात. छातीत पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना तो काढण्याची विनंती अवश्य करावी, कारण दहनात त्याची बॅटरी फुटते आणि भट्टीला व जवळ उभ्या असलेल्या माणसांना इजा होऊ शकते.

नेत्रदान करावयाचे असेल तर ते मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावे लागते, त्यामुळे डॉक्टरांच्या पाठोपाठ दुसरा फोन नेत्रपेढीला करावा. चमू येईपर्यंत पंखा बंद ठेवावा, शक्य असेल तर वातानुकूलन चालू करावे, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह किंवा रक्तदाब यांमुळे नेत्रदान अडत नाही. एचआयव्ही, कावीळ ब व क, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा आजारांत ते स्वीकारले जात नाही. सारे काम साधारण वीस मिनिटांत होते आणि चेहरा विद्रूप दिसत नाही. मृत व्यक्तीने अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने नेत्रदान करता येते.

देहदानाची मात्र पूर्वतयारी हवी. वैद्यकीय महाविद्यालयाचा शरीररचनाशास्त्र विभाग देह स्वीकारतो. शवविच्छेदन झालेले, संसर्गजन्य आजाराचे किंवा पोलीस तपासातील देह सहसा नाकारले जातात. अर्ज भरलेला असला तरी त्या वेळी घरच्यांनी विरोध केला तर कोणतेही महाविद्यालय देह ओढून नेत नाही, हे अर्ज भरणाऱ्याने ध्यानात घेऊन मुलांशी हयातीतच बोलून ठेवावे. ज्या घरांत देह दिला जातो तेथे नंतर बरेचदा एक रिकामेपण राहते, कारण स्मशान नाही, अस्थी नाहीत आणि निरोपाची ठरलेली घटकाही नाही. यासाठी देह सोपवण्यापूर्वी अर्धा तास सर्वांनी एकत्र बसावे, हवी ती प्रार्थना म्हणावी, आणि पुढे एखाद्या दिवशी स्मरणसभा घ्यावी.

दूरच्या नातेवाइकांसाठी थांबायचे असेल तर भाड्याने मिळणारी शीतपेटी किंवा रुग्णालयाचे शवागार हे पर्याय आहेत. परदेशातील मुलासाठी थांबायचे की नाही हा प्रश्न बहुधा इथली मंडळी त्याला न विचारताच सोडवतात, आणि ते मला योग्य वाटत नाही. त्याला विमान केव्हाचे मिळते ते विचारावे, मग घरच्यांनी मिळून वेळ ठरवावी. तो पोहोचूच शकत नसेल, तर अंत्यसंस्कार दूरध्वनीच्या पडद्यावर पाहायचा आहे का आणि अस्थिविसर्जन त्याच्यासाठी राखून ठेवायचे का, एवढे तरी त्याला विचारावे.

दहनाचे पर्याय

कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी स्मशानभूमीत फोन करावा, कारण विद्युतदाहिन्या दुरुस्तीसाठी बंद असण्याचे प्रमाण बरेच असते. पुण्यात वैकुंठ, मुंबईत दादरची शिवाजी पार्क स्मशानभूमी आणि मरीन लाइन्सची चंदनवाडी अशा मोठ्या ठिकाणी एकाहून अधिक प्रकारची सोय आहे. काही शहरांत आधी डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखवून महापालिकेचा ‘पास’ घ्यावा लागतो, तर काही ठिकाणी नोंद थेट स्मशानातच होते. तेव्हा शववाहिका मागवण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. सोबत डॉक्टरांचे मूळ प्रमाणपत्र, मृत व्यक्तीचे आधार कार्ड आणि नोंद करणाऱ्याचे ओळखपत्र असावे.

लाकडावरील दहनाला साधारण तीनशे किलोच्या पुढे लाकूड लागते, चिता पूर्ण शांत होण्यास कित्येक तास जातात आणि सावडण्यासाठी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते. पावसाळ्यात लाकूड ओले असते, शेड नसेल तर हाल होतात, म्हणून ग्रामीण भागात गोवऱ्यांचा वापर अधिक होतो. तरीही सारे विधी परंपरेप्रमाणे करता येतात, सर्वांसमोर अग्नी दिला जातो, आणि अनेकांना त्या ज्वाळांकडे पाहत उभे राहिल्यावरच माणूस गेल्याचे मनापासून उमगते. नागपूरकडे शेतातील टाकाऊ काडीकचऱ्यापासून केलेल्या, मोक्षकाष्ठ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कांड्या वापरल्या जातात. झाड न तोडता चिता रचायची असेल, तर आपल्या गावात असे काही मिळते का याची चौकशी करावी.

विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनीत दहन साधारण एक ते दीड तासात होते आणि अस्थी बहुधा त्याच दिवशी मिळतात. तिरडी, तुळशीपत्र, गंगाजल, मडक्याच्या फेऱ्या, छातीवर कापूर ठेवून दिलेला मंत्राग्नी हे सर्व दाहिनीच्या दारापर्यंत करता येते, त्यामुळे ‘विद्युतदाहिनीत धर्म बुडतो’ ही समजूत निराधार आहे. देहावर सुती कापडच असावे, प्लास्टिकचे आवरण व कृत्रिम धाग्याची शाल काढून घ्यावी. दार बंद होण्याचा क्षण फार झटकन येतो. कर्मचाऱ्यांना ‘आम्हाला दोन मिनिटे द्या’ असे सांगितले तर ते थांबतात. आईचा चेहरा शेवटचा नीट पाहताच आला नाही ही खंत लोक वर्षानुवर्षे बाळगतात, म्हणून हे आवर्जून लिहितो.

दोन्ही पद्धतींत निवड करताना मृत व्यक्तीची इच्छा पहिली, आणि ती ठाऊक नसेल तर घरातील सर्वांत जवळच्या व्यक्तीचे मन दुसरे. पर्यावरणाचा विचार मोलाचा आहे, परंतु तो घरात प्रेत असताना वाद घालून पटवण्याचा विषय नव्हे.

दहन हा सर्वांचाच मार्ग नाही. लिंगायत समाजात देह बसलेल्या स्थितीत पुरतात, लहान बालकांचे व संन्याशांचेही दफन करतात, मुस्लिम व ख्रिस्ती समाजाची दफनभूमी आपापल्या व्यवस्थेत असते, आणि मुंबईच्या वरळी येथे २०१५ पासून दहन निवडणाऱ्या पारशी कुटुंबांसाठी प्रार्थनागृह आहे. बौद्ध कुटुंबांत त्रिशरण-पंचशील घेऊन अंत्यसंस्कार होतो आणि पुढे जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवतात.

अग्नी कोणी द्यावा, आणि इच्छा कोठे लिहावी

अग्नी मुलानेच द्यावा असा कोणताही कायदा नाही. मुलगी, पत्नी, बहीण, सून, यांपैकी कोणीही अग्नी देऊ शकते. महात्मा जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी वारले, तेव्हा दत्तकपुत्र यशवंत याच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद उभा केला, आणि सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचे मडके, हाती धरले. गुरुजी तयार नसतील तर दुसरे गुरुजी मिळतात, आणि पुणे-मुंबईत स्त्री पुरोहितही मिळतात.

जोतीरावांच्याच अंत्यसंस्कारात दुसरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आपला देह मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवलेला होता, परंतु निवासी जागेत दफनाला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही आणि शेवटी दहनच करावे लागले. इच्छा व्यक्त करताना ती आपल्या गावात, आजच्या नियमांत पार पडू शकते का हे आधी पाहून ठेवावे.

अशी इच्छा केवळ मृत्युपत्रात लिहून उपयोग होत नाही, कारण मृत्युपत्र बहुतेक घरांत तेराव्यानंतर उघडले जाते. एका साध्या कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहावे : नेत्रदान किंवा देहदान करायचे की नाही, दहन कसे, विधी कोणते व कोणते नकोत, अग्नी कोणी द्यावा, अस्थींचे काय करावे, कोणाला कळवावे, आणि खर्चासाठी पैसे कोठे ठेवले आहेत. कागदाची एक प्रत औषधांच्या फाइलमध्ये आणि दुसरी घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाकडे ठेवावी. आईवडिलांशी हा विषय काढण्याची भीती मुलांनाच अधिक असते; वृद्ध माणसे बहुधा मोकळेपणाने बोलतात, फक्त त्यांना कोणी विचारलेले नसते.

अस्थी आणि नोंदणी

सावडल्यानंतर अस्थी नाशिकच्या रामकुंडात, आळंदीला इंद्रायणीत, पंढरपूरला चंद्रभागेत किंवा घराण्याच्या रिवाजाप्रमाणे अन्यत्र विसर्जित करतात. नदीत थोड्या अस्थी सोडाव्यात, रक्षा मात्र पोत्याने ओतू नये, आणि कलश प्लास्टिकचा असेल तर तो पाण्यात सोडू नये. पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक गावांत रक्षा स्वतःच्या शेतात पसरून तेथे आंब्याचे किंवा नारळाचे झाड लावतात, आणि ही प्रथा मला फार चांगली वाटते, कारण घरच्यांना वर्षभर पाणी घालण्यासाठी जाण्याचे एक ठिकाण मिळते. विमानाने अस्थी नेताना मृत्यूचा दाखला व दहनाची पावती जवळ ठेवावी आणि कंपनीचा नियम आधी विचारावा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी. रुग्णालयातील मृत्यूची माहिती रुग्णालय कळवते, घरच्या मृत्यूची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर असते. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क लागते, त्यानंतर एक वर्षापर्यंत अधिकाऱ्यांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मृत व्यक्तीचे नाव आधार कार्ड, बँक पासबुक व सातबारा यांवर जसे आहे तसेच लिहिले जात आहे ना, हे नोंद करतानाच तपासावे. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात. निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती असेल तर बँकेला लगेच कळवावे, कारण मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम परत घेतली जाते. मृत व्यक्तीच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नयेत. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे आपोआप मालक नव्हे, हेही भावंडांनी लक्षात ठेवावे. बाकीची कामे तेराव्यानंतर केली तरी चालतात.

पहिले तेरा दिवस

शेजाऱ्यांनी आणलेला पिठलं-भात, दहाव्याचे पिंड, कावळा शिवण्याची वाट पाहणे, तेराव्याचे गोडजेवण, या साऱ्यांवर विश्वास असो वा नसो, त्यांतून घरात सतत माणसे असतात आणि दिवसाला एक आकार राहतो. विधी करायचे नसतील तर न करावेत, परंतु त्यांच्या जागी काहीच न ठेवणे घातक ठरते. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी एकत्र बसून त्या माणसाविषयी बोलणे एवढेही पुरते. कर्ज काढून तेरावे घालणे मात्र कोणत्याही श्रद्धेला आवश्यक नाही. कावळा शिवला नाही म्हणून ‘त्यांची काही इच्छा राहिली’ असे म्हणत बायकामुलांकडे पाहणाऱ्यांना वडीलधाऱ्यांनी तेथेच थांबवावे, नाहीतर ते वाक्य मनात रुतून बसते. दर्भाचा कावळा करण्याची सोय परंपरेतच आहे.

याच दिवसांत मागे राहिलेल्या जोडीदाराची रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे हमखास चुकतात. ती वेळेवर देण्याचे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे, आणि पाणी व दोन घास पोटात जात आहेत ना ते पाहावे.

पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा अगदी तिच्या दुःखाच्या टोकाला तिच्यावर लादल्या जातात. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये त्या बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. घरात असा प्रसंग आल्यास दिराने किंवा मुलाने आधीच सर्वांना सांगून टाकावे की आमच्याकडे हे होणार नाही. नकार देण्याचे ओझे तिच्यावर येता कामा नये. तिला स्वतःला काही उतरवावेसे वाटले, तर तो तिचा प्रश्न आहे.

सांत्वनाला जाणाऱ्यांनी ‘सुटला बिचारा’, ‘आता तूच घरचा कर्ता, रडायचे नाही’ असे म्हणणे टाळावे. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याची एखादी आठवण सांगावी, किंवा गप्प बसावे. ‘काही लागले तर सांगा’ म्हटल्यावर कोणी सांगत नाही. ‘सोमवारी बँकेत मी सोबत येतो’ असे म्हटले तर मदत पोहोचते.

नंतरचे महिने

माणसे पांगल्यावर, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, दुःखाचा खरा भार जाणवू लागतो. झोप उडणे, भूक मरणे, विसरभोळेपणा, अकारण राग, ‘एक दिवस आधी दवाखान्यात नेले असते तर’ हा विचार, दारात त्यांची चाहूल लागल्याचा भास, हे सर्व नेहमीचे आहे आणि त्यात वेड लागल्याचे काही लक्षण नाही. दुःखाचे पाच टप्पे सर्वत्र सांगितले जातात, परंतु ती मांडणी १९६९ मध्ये मुळात स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांविषयी झाली होती. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने दुःख भोगावे अशी अपेक्षा ठेवू नये. प्रत्यक्षात माणूस दुःखात बुडणे आणि रोजच्या कामात गुंतणे यांच्यात येजा करत राहतो, आणि एखाद्या दुपारी हसू आले तर तो गेलेल्या माणसाशी केलेला द्रोह नव्हे. कपडे, चष्मा, काठी यांची विल्हेवाट घाईने लावू नये. कपाट कोणी दुसऱ्याने परस्पर रिकामे करणे तर मुळीच नको.

मुलांशी साध्या, खऱ्या शब्दांत बोलावे. ‘आजोबा झोपले’ म्हटले तर चार वर्षांचे मूल झोपायला घाबरू लागते, आणि ‘गावाला गेले’ म्हटले तर वाट पाहत राहते. ‘आजोबा मेले, त्यांचे शरीर आता चालत नाही, त्यांना दुखत नाही आणि ते परत येणार नाहीत’ हे कानाला कठोर वाटले तरी मुलाला समजते. स्मशानात यायचे का हे थोड्या मोठ्या मुलामुलींना, तेथे काय दिसेल ते आधी सांगून, विचारावे आणि त्यांचा होकार वा नकार मानावा.

बहुतेकांचे दुःख हळूहळू सुसह्य होते. सहा महिने उलटूनही ओढ व वेदना पहिल्या दिवसाइतक्याच तीव्र असतील, कामधंदा, खाणेपिणे, माणसांत मिसळणे ठप्प झाले असेल, तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकार असे स्थान आहे आणि त्यावर उपचार होतात. दारूचा आधार वाढत असेल किंवा ‘मलाही जायचे आहे’ असे शब्द तोंडी येत असतील, तर सहा महिने थांबू नये. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे, त्या माणसाला एकटे सोडू नये, किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. ही शासकीय सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते आणि मराठीतूनही बोलता येते. पहिली दिवाळी, पहिली भाऊबीज, लग्नाचा वाढदिवस आणि वर्षश्राद्ध हे दिवस आधीच दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावेत, आणि त्या दिवशी घरी कोण येणार, जेवायला काय करायचे व त्यांच्या आवडीचा पदार्थ करायचा की नाही, हे आठवडाभर आधी घरच्यांनी एकमेकांना विचारावे.